फायनल फँटसीची प्री-रिलीज: पाच बूस्टर, तीन फेऱ्या आणि हुकलेला एक सामना

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचा फायनल फँटसी सेट (कार्डांचा नवा संच) १३ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात त्याची प्री-रिलीज, म्हणजे विक्रीपूर्वीची, स्पर्धा झाली. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. बारावीतली माझी पुतणी आणि गावातील तीन मुले हा खेळ मोबाइलवरील 'अरेना' या अ‍ॅपवर शिकली आहेत. खरी कार्डे त्यांनी हाताळलेली नव्हती. या चौघांना घेऊन मी स्पर्धेला गेलो होतो. तेथे जे घडले ते मांडतो आहे, कारण त्यातील किती भाग लहान गावातल्या अपरिहार्य अडचणींचा होता आणि किती भाग सरळ फसवणुकीचा, हे मला एकट्याला ठरवता येत नाही.

जाहिरातीत प्रत्येकाला सहा बूस्टर (कार्डांची बंद पाकिटे) आणि एक प्रोमो (खास शिक्क्याचे भेट) कार्ड, पन्नास मिनिटांच्या चार फेऱ्या आणि सकाळी दहाची सुरुवात असे लिहिले होते. शुल्क माणशी तीन हजार रुपये होते आणि ते आगाऊ यूपीआयने घेतले गेले. मृगाच्या तोंडावर तीन हजार म्हणजे कपाशीच्या बियाण्याची तीन पाकिटे. मुलांच्या घरच्यांनी ती रक्कम कशी दिली हे मला माहीत आहे, म्हणून आकडा मुद्दाम सांगतो. प्रत्यक्षात बूस्टर हातात पडायला दुपारचा एक वाजला. ते सीलबंद प्री-रिलीज किटमध्ये नव्हते, सुटे होते, आणि सहाऐवजी पाच होते. प्रोमो कार्डाबद्दल विचारले तेव्हा "वरूनच आले नाहीत" असे उत्तर मिळाले. डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बांधायला बसल्यावर बेसिक लँड (इतर कार्डे खेळण्यासाठी लागणारी साधी 'जमीन' कार्डे) अपुऱ्या निघाल्या. त्यांतल्या हिरव्या रंगाच्या फॉरेस्ट सर्वांत आधी संपल्या आणि आमच्यातल्या एका मुलाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर 'फॉरेस्ट' लिहून त्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये दुसऱ्या कार्डांवर घातल्या.

येथपर्यंतचे सारे आम्ही मुकाट्याने सोसले असते. खेळाडू वीस होते आणि जोड्या व्यवस्थित लागत होत्या. तिसरी फेरी संपली तेव्हा तीन खेळाडू अपराजित होते, आणि त्यांपैकी एक माझी पुतणी होती. तिच्या खात्यावर नऊ गुण होते आणि चौथ्या फेरीत तिचा सामना दुसऱ्या एका अपराजित खेळाडूशी होईल अशी आमची समजूत होती. तेवढ्यात आयोजकांनी सांगितले, "आता पुढची फेरी राहू द्या, सगळ्यायले घरी जायचं हाय." आणि टायब्रेकवर (गुण समान असताना क्रमांक ठरवण्याच्या निकषावर) क्रमांक लावून बक्षिसे वाटली. पहिल्याला बारा बूस्टर, दुसऱ्याला सहा आणि तिसऱ्याला, म्हणजे आमच्या मुलीला, दोन. तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकंदरीत कमी सामने जिंकले, म्हणून ती तिसरी, असे कारण देण्यात आले.

घरी जायचे होते हे खरेच आहे. आर्वीहून आमच्या गावाला जाणारी मुक्कामी एसटी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते. परंतु स्पर्धा दहाला सुरू झाली असती तर चार फेऱ्या खेळूनही ती गाडी आम्हाला आरामात मिळाली असती. आणखी एक गोष्ट: आमच्या एका मुलाने त्याचा क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचे कार्ड) टेबलावर येताच एक कार्ड उचलायचे होते ते उचलले नाही, कारण अरेनावर ते आपोआप होते. अर्ध्या मिनिटात लक्षात आल्यावर समोरचा म्हणाला, "गेलं आता ते." नियम सांगणारे तेथे कोणीच नव्हते.

माझे प्रश्न असे. टायब्रेकवर तिसरा क्रमांक देणे नियमात बसते का? मध्येच फेरी रद्द करता येते का? पाच बूस्टरने खेळात खरोखर किती फरक पडतो, की मी उगाच मोजत बसलो आहे? आणि पैसे परत मागायचे असतील तर ते कोणाकडे मागावे?

---

सतरा_लँड

पऱ्हाटी भाऊ, मी मूळचा दारव्ह्याचा. नोकरीनिमित्त पुण्यात असताना दुकानातील स्पर्धांमध्ये काही वर्षे निर्णायकाचे काम केले, त्या आधारावर उत्तर देतो.

टायब्रेकचा नियम खरा आहे. गुण समान असतील तर प्रथम प्रतिस्पर्ध्यांच्या सामने जिंकण्याच्या टक्केवारीची सरासरी पाहतात. एखादा प्रतिस्पर्धी सगळे सामने हरला तरी त्याची टक्केवारी ३३ धरतात, त्याखाली जाऊ देत नाहीत. तुमच्या पुतणीसमोर नवखी मुले आली असतील, तर सर्व सामने जिंकूनही ती मागे पडणार. हा हिशेब मुळात पुरेशा फेऱ्या झाल्यावर उरणारी बरोबरी सोडवण्यासाठी आहे. तीन फेऱ्यांनंतर त्याचा निकाल बहुतांशी पहिल्या फेरीची जोडी कोणाशी लागली यावर ठरतो आणि त्या फेरीच्या जोड्या तर चिठ्ठ्या टाकल्यासारख्याच लागतात.

फेरी रद्द करण्याबाबत मात्र नियम स्पष्ट आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ काढणाऱ्या कंपनीच्या स्पर्धा-नियमांप्रमाणे स्विस पद्धतीतील (समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावण्याच्या पद्धतीतील) फेऱ्यांची संख्या पहिली फेरी सुरू होण्याआधी जाहीर करायची असते आणि एकदा जाहीर केल्यावर ती बदलता येत नाही. बदलाची मुभा ठेवायची असेल तर तीही अटीसह आधीच सांगावी लागते. गंमत म्हणजे नियमावलीतील उदाहरणही वीस खेळाडूंचेच आहे: पाच फेऱ्या होतील, मात्र चौथ्या फेरीनंतर एकच खेळाडू अपराजित उरला तर स्पर्धा तेथेच थांबेल. प्री-रिलीज ही सैल वातावरणातली स्पर्धा असते आणि तेथे प्रत्येक गोष्टीवर नियमाचे बोट ठेवणे मला आवडत नाही. पण जाहीर केलेली चौथी फेरी, तीही तिघे अपराजित असताना, गाळणे हे सैलपणात मोडत नाही.

आता पाच बूस्टरांविषयी. तुम्ही उगाच मोजत बसलेला नाहीत. प्ले बूस्टरमध्ये खेळण्याची १४ कार्डे असतात, म्हणजे सहा बूस्टरांत ८४. प्रत्येकातील लँडची जागा सोडली तर ७८ उरतात. ती खेळातल्या पाच रंगांत आणि थोडी रंगहीन व मिश्र कार्डांत विभागली जातात, त्यामुळे कोणतेही दोन रंग घेतले की साधारण पंचवीस-सव्वीस उपयोगी कार्डे हाती येतात. चाळीस कार्डांच्या डेकमध्ये सतरा लँड घातल्यावर तेवीस जागा राहतात, म्हणजे दोन-तीन निकृष्ट कार्डे बाजूला ठेवण्याची चैन परवडते. पाच बूस्टर असले तर लँड वगळून ६५ कार्डे उरतात आणि दोन रंगांत जेमतेम एकवीस-बावीस मिळतात. मग जे आले ते सगळे घालावे लागते, किंवा तिसरा रंग ओढून आणावा लागतो आणि 'माना'चे (लँडमधून मिळणाऱ्या, कार्डे खेळायला लागणाऱ्या ऊर्जेचे) गणित बिघडते. सीलबंद डेकच्या खेळातले (बंद बूस्टर उघडून त्यांतूनच डेक बांधण्याच्या प्रकारातले) निम्मे कौशल्य काय वगळायचे हे ठरवण्यात असते. तेच पाचव्या बूस्टरपाशी संपते. प्रोमो कार्डही डेकमध्ये खेळता येते, त्यामुळे ते न मिळणे हे केवळ संग्राहकाचे नुकसान नाही.

विसरलेल्या ट्रिगरबद्दल (त्या कार्ड उचलण्यासारख्या, काही घडताच होणाऱ्या परिणामाबद्दल): या पातळीच्या स्पर्धेत, मजकुरात 'वाटल्यास' असे नसेल आणि खेळ फार पुढे गेलेला नसेल, तर लक्षात येताच तो परिणाम तेव्हा घडवता येतो. अर्ध्या मिनिटात काही विशेष झाले नसेल तर मी त्या मुलाला कार्ड उचलू दिले असते. ऐच्छिक परिणाम असता तर मात्र समोरच्याचे म्हणणे बरोबर ठरले असते.

पैशांसाठी प्रथम एक तपासा. विझार्ड्सच्या संकेतस्थळावर अधिकृत दुकाने आणि त्यांच्या स्पर्धा शोधण्याची सोय आहे. हा आयोजक तेथे दिसत असेल तर कंपनीकडे तक्रार करा. दिसत नसेल तर 'प्री-रिलीज' हे नाव त्याने स्वतःच लावलेले आहे, आणि मग जाहिरातीचा स्क्रीनशॉट व यूपीआयची पावती घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर फोन करता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाण्याचाही मार्ग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही.

---

वह्या_आणि_बूस्टर

सतरा_लँड यांचे नियम बिनचूक आहेत, परंतु पहिल्याच उत्तरात ग्राहक आयोगापर्यंत जाणे मला पटले नाही. माझे तालुक्याच्या गावी स्टेशनरीचे दुकान आहे आणि वह्या-कंपासपेट्यांच्या शेजारी मी थोडी कार्डे विकतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो.

फायनल फँटसी हा नेहमीचा सेट नव्हता. हॅस्ब्रोने, म्हणजे विझार्ड्सच्या मालक कंपनीने, या सेटने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केल्याचे सांगितले आहे. ज्या वस्तूवर साऱ्या जगाची अशी झुंबड उडते ती आमच्यासारख्यांपर्यंत येताना गाळणीतून गाळूनच येते. ठरलेल्या किटांपैकी निम्मी आली, उरलेल्याच्या जागी सुटे बूस्टर चढ्या भावाने कुठूनतरी उचलावे लागले, पार्सल ट्रॅव्हल्सने निघाले आणि गाडी वाटेत खोळंबली, असे सहज घडू शकते. मी स्वतः वह्यांच्या गठ्ठ्यासाठी भर उन्हात बायपासवर उभा राहिलेलो आहे, तेथे बूस्टरांची काय कथा? त्या आयोजकाला सभागृहाचे भाडे द्यायचे होते. वीस जणांकडून मिळालेल्या साठ हजारांत मालाची किंमत वजा केल्यावर त्याच्याकडे फार काही उरले असेल असे मला वाटत नाही.

इतके सांगून झाल्यावर एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. माल कमी आला हे त्याला आदल्या रात्री तरी कळलेच असणार. त्याच वेळी सर्वांना संदेश पाठवून "बूस्टर पाच मिळतील, शुल्क पाचशेने कमी केले आहे, ज्यांना यायचे नाही त्यांचे पैसे परत" असे सांगणे त्याला शक्य होते. कदाचित पाच-सहा जण गळाले असते. त्या पाच-सहा जणांच्या शुल्कासाठी तो गप्प बसला असेल तर ती त्याची अडचण नव्हती, निवड होती. आणि बेसिक लँडला तर टंचाईचे निमित्तच नाही. त्या कोणत्याही जुन्या सेटच्या चालतात आणि ड्राफ्ट (बूस्टरमधून एकेक कार्ड निवडण्याचा प्रकार) झाल्यावर पोरे त्या टेबलावर टाकून जातात.

माझा सल्ला असा की आधी फोन करा, शांतपणे बोला आणि एक बूस्टर व प्रोमो यांच्या किमतीएवढीच रक्कम मागा. पूर्ण तीन हजार मागितलेत तर तो दार लावून घेईल, आणि जिल्ह्यातली पुढची स्पर्धाही त्याबरोबर बंद होईल.

---

हिंगणघाटकर

मी त्या स्पर्धेत होतो. तिन्ही सामने हरलो आणि तरीही दिवस वाया गेला असे मला वाटले नाही, कारण आमच्याकडे हा खेळ खेळणारी वीस माणसे एका छताखाली मी प्रथमच पाहिली. पऱ्हाटी यांच्या वर्णनात एक गोष्ट राहिली आहे. दुसऱ्या फेरीत वीज गेली, पंखे बंद पडले आणि त्या उकाड्यात घामाने स्लीव्ह हाताला चिकटू लागल्यावर ती फेरी सर्वांच्या संमतीने वीसेक मिनिटे थांबवली होती. हा वेळ आयोजकाच्या खात्यावर टाकू नये. पाण्याचे कॅन त्याने स्वतःच्या खर्चाने आणले होते, हेही नोंदवतो.

मात्र "प्रोमो वरूनच आले नाहीत" हे विधान मी मान्य करू शकत नाही. स्पर्धा संपल्यावर आयोजकांबरोबर आलेल्या एका खेळाडूच्या फाइलमध्ये मी या सेटची शिक्का असलेली प्रोमो कार्डे पाहिली. एक-दोन नव्हे, पानभर होती. ती बाहेरून विकत घेतलेली असू शकतात, म्हणून मी आरोप करत नाही. पण ती कोठून आली असे विचारल्यावर त्याने फाइल मिटली आणि बॅगेत टाकली.

ती मुलगी तुमची पुतणी होती हे आत्ता कळले. पहिल्या फेरीत मीच तिच्याकडून हरलो. तिने पहिल्या हातातली कार्डे न कचरता परत करून नवीन सात घेतली आणि एक तळाशी ठेवले, तेव्हाच हिला खेळ कळतो हे माझ्या लक्षात आले होते. माझ्या शून्य गुणांमुळे तिचा टायब्रेक खाली गेला, याबद्दल तिला माझ्या वतीने खेद कळवा. चौथी फेरी झाली असती तर मीही एखादा सामना जिंकलो असतो, असे मी निदान समजतो.

---

पऱ्हाटी

सर्वांचे आभार. हिंगणघाटकर, तुमचा निरोप दिला. ती म्हणाली की तुमचा डेक चांगला होता, परंतु पहिल्या डावात तुम्हाला लँडच आल्या नाहीत.

वह्या_आणि_बूस्टर यांच्या सांगण्याप्रमाणे मी आयोजकांना फोन केला. बोलणे सभ्यपणे झाले. किट कमी आली हे त्यांनी मान्य केले आणि आमच्या चौघांना प्रत्येकी एक बूस्टर पाठवण्याची तयारी दाखवली. प्रोमोचा विषय काढताच त्यांनी दुसरा फोन येत असल्याचे सांगितले. चौथ्या फेरीबद्दल त्यांचे म्हणणे असे की तीन नि चार यात काय एवढे, शेवटी मुले खेळली ना. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपले ते हेच वाक्य. मुले खेळलीच, पण तीन फेऱ्या जिंकलेल्या मुलीला चौथी खेळायची असते, ती हरण्याची शक्यता धरूनही खेळायची असते. बारा बूस्टर पहिल्या आलेल्या मुलाला मिळाले याचे तिला दुःख नाही; त्या मुलाशी तिचा सामना झालाच नाही याचे आहे. बसमध्ये तिने पूर्ण वेळ त्याच्या डेकमध्ये काय असेल याचाच विचार केला.

संकेतस्थळावर शोधले, तेथे या आयोजकांचे नाव नाही. तेव्हा कंपनीकडे तक्रार करण्यात अर्थ नाही असे दिसते. बूस्टरांची वाट महिनाभर पाहीन आणि ते आले नाहीत तर १९१५ वर फोन करीन.

दरम्यान मुलांचा आग्रह आहे की गावातच अशी एक स्पर्धा घ्यावी. शाळेची खोली रविवारी मिळू शकते आणि आजूबाजूच्या गावांतून बारा जण जमतील. हे करता येते का, की त्यासाठीही दुकानाची मान्यता लागते? कोणता सेट घ्यावा आणि बेसिक लँड किती जमवाव्यात?

---

सतरा_लँड

प्री-रिलीज हे नाव आणि ती किट मान्यताप्राप्त दुकानांपुरतीच असतात, पण सीलबंद डेकची स्पर्धा कोणीही, कोठेही घेऊ शकतो. नवीन सेटच्या मागे लागू नका. नोव्हेंबर २०२४ चा 'फाउंडेशन्स' घ्या. तो शिकणाऱ्यांसाठीच रचलेला आहे, किमान २०२९ पर्यंत 'स्टँडर्ड' या स्पर्धा-प्रकारात चालणार आहे, म्हणजे मुलांना मिळालेली कार्डे पुढेही उपयोगी पडतील, आणि त्याचे बूस्टर फायनल फँटसीच्या भावाने घ्यावे लागत नाहीत. वह्या_आणि_बूस्टर यांनी किमतीबाबत मदत केली तर उत्तमच.

बारा जणांना चार फेऱ्या ठेवा आणि ते शाळेच्या फळ्यावर सकाळीच लिहा. डेक बांधायला पाऊण तास आणि प्रत्येक फेरीला जोड्या लावण्यासह एक तास धरला तर नऊला सुरू केलेली स्पर्धा दोनच्या सुमारास संपते, म्हणजे बाहेरगावच्या मुलांना दुपारची गाडी मिळते. फेरीची पन्नास मिनिटे संपल्यावर चालू वळण पूर्ण करून आणखी पाच वळणे द्यायची आणि तरी निकाल लागला नाही तर तो डाव अनिर्णित धरायचा. विजेत्याला सगळे देण्याऐवजी प्रत्येक विजयाला एक बूस्टर ठेवा. बारा जणांच्या चार फेऱ्यांत एकूण चोवीस सामने होतात, त्यामुळे चोवीस बूस्टर आधीच बाजूला काढून ठेवता येतात आणि टायब्रेकवरून कोणाचे काही कमी-जास्त होत नाही. पहिला क्रमांक वहीत लिहायचा तेवढा लिहावा. जोड्यांसाठी विझार्ड्सचे कम्पॅनियन अ‍ॅप घरगुती स्पर्धेलाही चालते, पण त्याला नेटवर्क लागते. तुमच्याकडे ते जात-येत असेल तर स्विस जोड्या हाताने लावण्याची रीत मी लिहून पाठवतो; बारा जणांना ते अवघड नाही.

बेसिक लँडचा हिशेब असा: बारा जणांना प्रत्येकी सतरा धरल्या तर २०४ लागतात, पण त्या पाचही प्रकारांत सारख्या वाटून चालत नाही, कारण एखादा रंग सर्वांनाच आवडतो. बारापैकी आठ जणांनी हिरवा रंग घेतला आणि प्रत्येकाने नऊ फॉरेस्ट घातल्या तर बहात्तर झाल्या. म्हणून प्रत्येक प्रकारच्या ऐंशी ठेवा. माझ्याकडे यवतमाळला जुन्या लँडचे दोन डबे पडून आहेत, बहुतेक सर्व प्रकार निघतील. प्लेन्स (पांढऱ्या रंगाच्या लँड) थोड्या कमी भरतील असे वाटते, मोजून कळवतो.

---

वह्या_आणि_बूस्टर

प्लेन्स माझ्याकडून घ्या. फाउंडेशन्सचा भाव वितरकाला विचारून सोमवारी लिहितो. बारा जणांचे बहात्तर आणि बक्षिसांचे चोवीस असे शहाण्णव बूस्टर लागतील, त्यामुळे सुट्यांपेक्षा खोकी स्वस्त पडतील. शाळेची तारीख पक्की झाल्याशिवाय मात्र मुलांकडून पैसे गोळा करू नका.